विमानातली मऊ गादी

त्या काळी मेडशीची मोटार इतकी आदळायची, की प्रवाशाचे दात वाटेतच राहायचे. माझ्या शेजारी एक अनोळखी म्हातारा लिंबू हुंगत बसला होता.

"पोरगं इमानानं इलायतेले गेलं. चार वर्सं झाले, आलंच नाही. त्याले मोटार लागते. इमानात बरं बसता येते का हो?"

विमान मी फक्त आभाळात पाहिलेलं. तरी ठोकून दिलं, "बाबा, गादी एवढी नरम, का उतरताना माणसाले दोर लावून ओढा लागते!"

म्हातारा खळखळून हसला. मग हातातलं लिंबू चोळत म्हणाला,

"म्हनूनच पोरगं उठून नाही राह्यलं."

उतरताना त्यानं ते लिंबू माझ्या हातात ठेवलं. "पुन्हा इमानात बसान, तं त्याले द्या. म्हना, घरची गोधडी बी नरमच आहे."