दादाच्या चिपचे तीन सूर

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हीच तिची नोकरी, आणि तिच्या हातून एकही खडा निसटत नसे. घरीही तोच खाक्या. जेवणात मीठ कमी असलं, तर नेमकं किती कमी हेही ती सांगे.

तिच्या दादाने सतराव्या वर्षी घरच्या छोट्या कॉम्प्युटरवर एक चाल बांधली होती. त्या यंत्रातली आवाजाची चिप एका वेळी तीन सूर काढायची, त्यापलीकडे तिची मजल नव्हती. यंत्र कधीच भंगारात गेलं, चालीचे नुसते आकडे साठवलेली कॅसेट तेवढी राहिली; त्या चिपशिवाय ती वाजणार नव्हती. आता दादा अठ्ठावन्नचा. कान उतरणीला लागले होते, आणि वर्षभरात फारसं काही ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"एकदा ऐकव ना ती," दादा म्हणाला. जन्मात त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं.

ती कंबर कसून कामाला लागली. रस्ट नावाच्या नव्या प्रोग्रामिंगच्या भाषेत तिने ती चिप पुन्हा लिहून काढली: कोणता आकडा आत गेला की कोणता सूर बाहेर पडतो, आणि किती जोरात. ती भाषाही भलतीच काटेकोर, जरा चुकलं की प्रोग्राम चालूच द्यायची नाही. दोघींचं छान जमलं. आवाज कमीजास्त होताना मध्येच टकटक व्हायची, ती तिने दोष समजून घासूनपुसून काढली.

दादाने ऐकलं. "सूर माझेच आहेत. पण ठेका कुठाय?"

"कसला ठेका? तीन सूर आहेत, तिन्ही वाजतायत."

"अगं, चौथा सूर नव्हता म्हणून मी आवाजाचा आकडा भराभर खालीवर करायचो. टकटक व्हायची. तोच माझा ढोल!"

तिचा चेहरा उतरला. चूक समजून तिने दादाची हुशारीच पुसून टाकली होती. तिला मनापासून लाज वाटली. दोन रविवार खपून तिने ती टकटक जशीच्या तशी परत आणली.

ठेका सुरू झाला तसा दादा गुडघ्यावर बोटं वाजवू लागला. मग थांबला. "झकास! आता फक्त वरचा सूर राहिला."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. वरचा सूर वाजत होता, अगदी खणखणीत.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तेही धड जमलं नाही. तिने त्या सुराचे सगळे आकडे दुप्पट केले. या चिपमध्ये आकडा दुप्पट केला की सूर एक सप्तक खाली येतो.

चाल पुन्हा लागली. दादा शेवटपर्यंत हलला नाही.

"सप्तक उतरवलंस ना?"

"हो."

"मी असं नव्हतं बांधलं."

"माहितेय. पूर्ववत करू?"

"राहू दे," दादा म्हणाला. "ऐकू येतोय."