खालचे सहा दात

राज्याच्या सीमेपलीकडे, बालाघाटजवळच्या भरवेलीत, खाणीलगतच्या प्राथमिक शाळेत अनुसया मेश्राम शिकवायच्या. घरी मराठी आणि वर्गात दिवसभर हिंदी, असा त्यांचा दिवस. १९७६च्या सुमारास त्यांना बोलणं जड जायला लागलं. खालचे पुढचे दात दाटीवाटीनं एकमेकांवर चढलेले होते आणि मधला एक आत वळला होता. त्याची धार जिभेला लागून तिथं जखम व्हायची. ती भरून येईपर्यंत दुसरी झालेली असायची.

बालाघाटच्या दातवाल्यानं दात काढायला सांगितलं. खाणीत काम करणारे त्यांचे यजमान भोजराजही तेच म्हणाले, "एक दात गेला त काय होते? तोंड बंद ठेवलं का दिसत नाही."

"मास्तरीन तोंड बंद ठेवून शिकवते का?" अनुसयाबाई म्हणाल्या.

दात वाचावा म्हणून त्या नागपूरच्या दातांच्या कॉलेजात गेल्या. तिथं डॉ. खानझोडे नावाचा एक तरुण डॉक्टर होता. त्यानं खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा काढला आणि बारीक टोकांच्या कॅलिपरनं मोजायला घेतलं. शेजारचे दोन दात जिथं टेकायला हवेत, तिथं ते एकमेकांपासून किती सरकलेत, हे त्यानं सहा दातांमधल्या पाचही जागी पाहिलं आणि बेरीज केली.

"बारा मिलिमीटर," तो म्हणाला. "सरळ ओळीत असते तर शून्य आलं असतं. आपण शून्यावर आणू."

त्याचा उत्साह पाहून बाईंनी होकार दिला.

दातांना तार बसली आणि दर महिन्याची ओढाताण सुरू झाली. शनिवारची शाळा सुटली की अरुंद रुळांवरच्या लहान गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. रात्री तिथल्याच इंदोरा वस्तीत नणंदेकडे मुक्काम. डॉक्टर त्यांच्यासाठी रविवारी सकाळी कॉलेजात यायचा आणि तार आवळायचा. पुढचे दोन-तीन दिवस बाईंना मऊ भातसुद्धा चावत नसे. फळ्याकडे तोंड करून त्या डोळे मिटायच्या. पोरं गोंगाट करायची, पण ओरडायचं त्राण नसे.

दीड वर्षानं तार निघाली. दात खरंच सरळ झाले होते. ते पुन्हा सरकू नयेत म्हणून डॉक्टरनं रात्री घालायला एक पातळ प्लेट दिली. बाईंनी ती काही महिने नेमानं घातली. पुढं सासऱ्यांना पक्षाघात झाला. रात्री त्यांना कूस बदलून द्यायची, कपडे बदलायचे, यात प्लेट कोनाड्यातच राहू लागली. सासरे गेल्यावर त्यांनी ती घालून पाहिली, तर बसेना. जीभ पुन्हा सोलवटायला लागली होती.

१९७९च्या उन्हाळ्यात त्या परत नागपूरला गेल्या. डॉक्टरनं नवा साचा काढला आणि मोजलं. त्याचा चेहरा उतरला.

"आठ," तो म्हणाला. "बाई, पुन्हा तार लावावी लागेल."

"नाही." बाई खुर्चीतच बसून राहिल्या. "आता मले नाही जमत, डॉक्टर. मी थकली. फक्त जिभेचं काही करा."

डॉक्टरनं साचा बाजूला ठेवला. मग त्यानं मशीन सुरू केली, आत वळलेल्या दाताची धार हलकेच घासून गोल केली आणि बाईंना जीभ फिरवायला सांगितली. दात आता गुळगुळीत लागत होता. पाव तासही गेला नव्हता.

"हे आधीच काहून नाही केलं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तेव्हा मला तुमचे दात सरळच करायचे होते," डॉक्टर खाली मान घालून म्हणाला. "जीभ मी नंतरवर टाकली."

बाईंना त्याच्यावर चिडावंसं वाटलं, पण तेवढी ताकद उरली नव्हती. त्या म्हणाल्या, "तुम्हीबी मेहनत केली, बापा," आणि पिशवी उचलली.

बालाघाट स्टेशनवर भोजराज सायकल घेऊन उभे होते. "झाले का सरळ?"

"नाही. पण लागत नाही आता."

"मंग बरं."

त्या कॅरिअरवर बसल्या. नवऱ्याच्या पाठीला डोकं टेकवून भरवेलीपर्यंत आल्या. दातांसाठी त्या पुन्हा कधी नागपूरला गेल्या नाहीत. दात पुढं आणखी दाटत गेले. जिभेची जखम आठवडाभरात भरली आणि परत झाली नाही.