दगडांजवळची काठी

गाव आणि समुद्र यांच्या मध्ये खाऱ्या पाण्याचं मोठं तळं पसरलेलं आहे आणि तळ्यापलीकडे वाळूचा लांबलचक दांडा. पाहुणे येतात ते त्या दांड्यावरच्या किनाऱ्यासाठी. जाता जाता साहेबाच्या काळातल्या कमानी, खांब बघतात, फोटो काढतात आणि धक्क्यावरून नावेत बसतात. वरून तळं आरशासारखं दिसतं. त्याच्या पोटात काय आहे, ते मात्र काठीवाल्या काकांना विचारावं. गाळ, उथळ जागा, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जुन्या फुटक्या धक्क्याचे बुडालेले दगड. नावांना खोल पाण्याची वाट कळावी म्हणून काका तळ्यात बांबूच्या काठ्या रोवत, टोकाला लाल फडकं बांधत. नाव त्या काठ्यांना लागून न्यायची, की धोका नाही. उभा जन्म त्यांनी हेच काम केलं.

स्वभाव मुळातच काळजीचा. घराचं कुलूप ओढून बघायचे, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढायचे. काकू म्हणत, "चोराला काही करावं लागणार नाही. एक दिवस तुम्हीच कडी उपटून हातात घेऊन याल."

त्या दिवशी त्यांची लेक पहिल्यांदाच एकटीने पाहुण्यांची नाव घेऊन निघाली होती. काका धक्क्याच्या पायरीवर उभे.

"फोन डब्यात टाक. सुकाणू हातात असताना फोन नको."

"टाकला, बाबा."

"सगळ्यांना एका बाजूला उभं राहू देऊ नकोस. फोटोच्या नादात झुकतात."

"असं करा बाबा, तुम्ही बसा सुकाणूवर. मी पायरीवरून सूचना देते."

नावेतले पाहुणे हसले. काकाही हसले, पण ओठांनीच. भरती पुरती चढली होती. नाव डौलात निघून गेली.

जीव रमेना म्हणून काका गावात दोरी आणायला गेले. जुन्या कचेऱ्यांच्या रस्त्यावर रंगाचं काम चाललं होतं. जकात कचेरीला परांची बांधून पुढची बाजू कापडाने झाकली होती. शेजारचं कोर्ट नुकतंच रंगवलेलं, पिवळंधमक. काका थबकले.

"काय रे, कचेरीचा पिवळा कुठे गेला?"

"कचेरी आता पांढरी," परांचीवरचा रंगारी म्हणाला. "पाहुण्यांना पांढरी आवडते म्हणे. पिवळा कोर्टाला दिला. चार दिवस झाले काका, तुम्हाला आज दिसलं?"

काकांनी वळून तळ्याकडे बघितलं. दगडांजवळची काठी परवाच्या वाऱ्यात वाहून गेली होती आणि काल त्यांनी ती नव्याने रोवली होती. तिची जागा ठरवायची रीत जुनी होती: पाण्यातून गावाकडे बघायचं, गावामागचं दीपगृह आणि कचेरीची पिवळी भिंत एका ओळीत आली की तिथे काठी. काल त्यांनी पिवळी भिंत बघितली होती, आणि ती कोर्टाची होती. म्हणजे काठी दगडांच्या भलत्याच अंगाला गेली. तिला लागून येणारी नाव सरळ दगडांवर येणार. जाताना भरतीने तारलं असेल. आता ओहोटी लागली होती.

ते धक्क्यावर पोचले तेव्हा धाप लागली होती.

"लेकीला फोन लाव," ते तिकीटवाल्याला म्हणाले.

त्याने लावला. वाजत राहिला. "उचलत नाही, काका. डब्यात असेल ना? तुम्हीच सांगितलंत सकाळी."

"दुसरी मोटारनाव?"

"दुरुस्तीला गेलीय. झालंय तरी काय?"

"माझी काठी चुकलीय," काका म्हणाले आणि आपल्या लहान होडीची दोरी सोडू लागले.

"अहो, तुमचा गुडघा..."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. वल्हं मारताना काकांना काय काय दिसत होतं! फुटलेला तळ, पाण्यात पडलेली माणसं, आणि लेकीचं तोंड. आपल्या नजरेचा त्यांना कधी नव्हे इतका राग आला.

काठीपाशी पोचले तेव्हा लेकीची नाव दांड्याकडून निघालेली दिसत होती. त्यांनी काठी उपटली. ती नीट रोवायला वेळ नव्हता. मग ते होडीतून उतरले, होडीची दोरी कमरेला बांधली आणि पायांनी चाचपत दगड शोधू लागले. तळव्यांना शेवाळ लागलं, मग एक धार, मग आणखी एक, मग काहीच नाही. शेवटच्या दगडाला लागून ते छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि काठी दोन्ही हातांनी उभी धरली.

नाव जवळ आली. पाहुण्यांनी फोन वर केले. त्यांना वाटलं, ही इथली काही गंमतच असावी. कोणीतरी हात हलवला. काकांना हलवायला हात मोकळा नव्हता.

लेकीने इंजिन मंद केलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "बाबा, कुठल्या अंगाने?"

"माझ्या उजवीकडून. लागूनच ये, लांब जाऊ नकोस."

नाव हातभर अंतरावरून गेली. तिच्या लाटेने काका डगमगले, पण पाय सुटला नाही. एका बाईंनी लेकीला विचारलं, "कोण हो हे?"

"माझे वडील," ती म्हणाली. मागे वळून तिने बघितलं नाही. नजर पुढच्या काठीवर होती.

पाहुणे उतरवून ती तिकीटवाल्याच्या होडीतून परत आली, तोवर काका तसेच उभे होते. ओठ निळे पडले होते.

"कोर्ट पिवळं केलंय," ते म्हणाले. "मला कळलं नाही."

"जाताना मला ती काठी जरा बाहेर वाटली होती," लेक म्हणाली. "पण म्हटलं, बाबांनी रोवलीय."

काका म्हणाले, "यापुढे असं म्हणायचं नाही. वाटलं की थांबायचं, बांबू टोचून बघायचा. काठी माझी असली तरी."

"बरं. आता या वर."

"थांब. आधी ही रोवू. मी धरतो. तू बघ, कुठे हवी ते तू सांग."

लेक होडीत उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून गावाकडे बघू लागली.