कापली गेलेली कारणं

माझे सासरे बुकबाइंडर. पस्तीस वर्षं एकाच खोलीत शिवण, खळ आणि कटिंग. कामात कुणी खोट काढलेली त्यांना खपत नाही. खोकला मात्र पाचवीला पुजलेला. रोज सकाळी बाकावर पालथं पडून, डोकं खाली सोडून छातीतला कफ काढल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. त्यांच्या स्वतःच्या लग्नाआधी एका डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून ‘जुना टीबी असावा’ म्हटलं. गोळ्यांचा कोर्स झाला, पण त्या ‘असावा’पायी बाबांनी पेला, ताट, टॉवेल सगळं वेगळं केलं, ते कायमचं.

मला मुलगी झाली, तर बाबा दारातूनच बघणार. “घ्या ना बाबा,” म्हटलं की, “हाताला खळ लागलीय.” तीन महिने यांच्या हाताला खळच. मला भयंकर राग यायचा. नात नकोशी असेल तर सरळ सांगावं, असंही मनात येऊन गेलं.

मग छातीच्या दवाखान्यातली सहा वर्षांची रजिस्टरं बांधायला आली. बाबांनी कधी नव्हे ते कडा न तपासता गठ्ठा कटिंगला लावला. पानांच्या शेवटच्या पट्टीत ‘कारण’ हा रकाना होता, तोच उडाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, छातीत सतत कफ साचण्याचा हा आजार कुठल्या वस्तीत किती आणि कशामुळे, ते मला यावरूनच काढायचंय.”

नशीब, बाबा कातरण लगेच फेकत नाहीत. पोतं उपसून आम्ही दोघं पट्ट्या जुळवत बसलो. अर्धं अक्षर पानावर, अर्धं पट्टीवर. मी वाचायची, ते चिकटवायचे. जुना टीबी. डांग्या खोकला. कारण सापडलं नाही. गोवर, नंतर न्यूमोनिया. कारण सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा हात थांबला.

“गोवराने होतं हे? पाचव्या वर्षी मला गोवर झाला होता. छाती भरून महिनाभर पडून होतो.”

“मग सांगा डॉक्टरांना.”

“आता या वयात काय सांगायचं?”

मी कसली सोडतेय. रजिस्टरं पोचवायला सोबत गेले आणि मीच बोलून टाकलं.

स्कॅन झाला, थुंकी तपासली. बाईंनी बाबांना समोर बसवून सांगितलं, “तुमच्या श्वासनळ्या रुंद झाल्यात, त्यांत कफ साचतो. जिथे टीबी फार, तिथे बऱ्याचदा त्यानेच होतं. जिथे तो कमी, तिथे वयस्क बायका जास्त दिसतात, आणि कितीतरी जणांत कारणच मिळत नाही. तुमचं बहुतेक गोवरानंतरच्या न्यूमोनियाचं. थुंकीत टीबी नाही. हा आजार कुणाला लागत नाही.”

“नक्की?” बाबांनी तीनदा विचारलं.

“लिहून देऊ का?” बाई हसल्या.

“द्या,” बाबा म्हणाले.

घरी आल्यावर ते पलंगावर गुडघे जुळवून बसले. मी मुलगी त्यांच्या मांडीवर दिली. माझा नवरा शेजारीच उभा होता. बाबांचे हात नुसते हवेत; कुठे धरावं तेच त्यांना कळेना.

“मानेखाली हात घाला बाबा,” मी म्हटलं. “विसरलात का सगळं?”

“आलं कधी होतं?” नवऱ्याकडे न बघता ते म्हणाले. “याला तरी कुठे घेतलं होतं मी.”

नवरा त्यांना चिकटून बसला, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि मुलीच्या मानेखाली नीट ठेवला.