सहा बाटल्या आणि गोरग्याचं झाड

बिअर या विषयात माझे दोन गुरू. एकाने आयुष्यात थेंब जिभेला लावला नव्हता आणि दुसऱ्याने बिअरची बाटली कधी पाहिली नव्हती. आता माझा नातू नागपूरहून तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या आणतो, ग्लास तिरपा धरून हळूहळू ओततो आणि मला समजावतो, आजोबा, ही बेल्जियमची, हिच्यात संत्र्याची साल घालतात. मी मान डोलावतो. मनात म्हणतो, बेटा, तुझा बापसुद्धा जन्मला नव्हता तेव्हा मी एटापल्लीच्या रानात या परीक्षेला बसलोय.

मी मूळचा ब्रह्मपुरीकडचा, धानवाल्यांच्या घरातला. आमच्या घरात दारूचं नाव काढलं की वडील खराटा शोधायला लागत. पन्नास सालानंतरची पहिली दोन-चार वर्षं असतील. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि एटापल्लीच्या पुढे रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. तिथे पक्का रस्ता काढायचा होता. मी नुकताच ओव्हरसियर झालेलो. मला साखळी, झेंड्या आणि सागवानी खुंट्यांचा गठ्ठा देऊन रानात पाठवून दिलं. मी मुळात तापट. पाठवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेलो.

मुक्काम जुन्या डाकबंगल्यात. तिथले खानसामा चाचा माझे पहिले गुरू. चांद्याचे राहणारे, पाच वेळा नमाज पढणारे. इंग्रज साहेबांना त्यांनी वीस-पंचवीस वर्षं पेले भरून दिले होते आणि स्वतः कधी बोट बुडवून चाखलं नव्हतं. पण ज्ञान असं की ऐकत राहावं. "भाऊ, बिअर तोंडानं नाई, आधी डोळ्यानं पेतात," ते सांगायचे. "फेस किती उभा राह्यते ते पाहा. मंग वास घ्या. पिवळी असंन तं गवतासारखा वास येते, काळी असंन तं भुंजल्या दाण्यासारखा." मी विचारायचो, चव न घेता तुम्हाला कसं कळतं? चाचा म्हणायचे, "पेणाऱ्याचं तोंड पाह्यलं का कळते."

दुसरे गुरू म्हणजे गावातले माडिया बाबा. साठीच्या आसपासचे, काटक, कमरेला कोयता. बाजारहाट करून करून आमची बोली शिकलेले. त्यांचं गोरग्याचं झाड होतं. गोरगा ताडाच्याच जातीचा, पण पानं माशाच्या शेपटीसारखी. त्याचा तुरा छाटून खाली वाळक्या भोपळ्याचा तुंबा बांधतात आणि रस थेंब थेंब जमतो. बाबा बांबूच्या एकाच दांड्यावर पाय टेकत सरसर वर जायचे आणि भरलेला तुंबा घेऊन उतरायचे.

पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी उन्हाने जीव कासावीस झाला तेव्हा बाबांनी पानाचा द्रोण पुढे केला आणि मी तो रिकामा केला. नंतर लाजच सोडली. कॉलेजात असताना शिंदी चोरून चाखली होती, ती याच्यापुढे पाणचट. एकाच झाडाचा रस सकाळी गोड, नारळाच्या पाण्याच्या वरताण. दुपारी बुडबुडे धरून आंबटगोड होणार. आणि दिवस कलला की जरा जपूनच. नाल्याकाठच्या झाडाचा पातळ, टेकडीवरच्या झाडाचा दाट आणि शेवटी किंचित तुरट. गावातली माणसं एका घोटात सांगायची की हा कोणाच्या झाडाचा. महिनाभरात मलाही चारपैकी तीन झाडं ओळखू यायला लागली. चौथ्यावर मी हुज्जत घालायचो आणि हरायचो.

एक गोष्ट मात्र बाबांनी पहिल्याच दिवशी शिकवली. पिण्याआधी द्रोण जरा कलता करून दोन थेंब मातीवर सोडायचे. ते आपल्या घरच्या गेलेल्या माणसांचे. एकदा घाईत मी तसाच तोंडाला लावला, तर बाबांनी द्रोण माझ्या हातातून काढून घेतला, दोन थेंब सोडले आणि परत दिला. रागावले नाहीत, पण मला आजही ते आठवलं की ओशाळल्यासारखं होतं.

तर अशा माणसाच्या झाडावर मी घाव घालायला निघालो होतो.

झालं असं की नकाशावर मी रस्त्याची रेघ सरळ ओढली. पट्टी ठेवली, पेन्सिल ओढली, आणि आपण मोठे शहाणे म्हणून खूश झालो. खुंट्या ठोकत ठोकत आलो, तर एक खुंटी नेमकी बाबांच्या गोरग्याच्या बुडाशी. बाबांनी खुंटी पाहिली. मग मला एवढंच सांगितलं की हे झाड त्यांनी पोरगी झाली त्या साली लावलं. चैतात तिचं लग्न. झाड तिला द्यायचं ठरलेलं. मुलाकडचे येऊन झाड पाहून, चाखून गेले होते आणि बाबांनी दहा माणसांसमोर शब्द दिला होता. "आता मी पोरीले का देऊ जी?" त्यांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मी भांडलो तरी असतो.

मी साहेबांना पत्र लिहिलं की रेघ थोडी वळवण्याची परवानगी द्यावी. उत्तर आलं, एका ताडासाठी सरकारी रस्ता वळत नाही. तरी पुढच्या आठवड्यात पाहणीला येतो. साहेब म्हणजे आमचे नवे इंजिनिअर. विलायतेत शिकून आलेले, शिस्तीचे, कधी न हसणारे, असा बोलबाला. पत्राच्या मागोमाग बैलगाडीतून ओल्या गवतात बांधलेली एक पेटी आली. आत तीन जातीच्या विलायती बिअरच्या दोन-दोन बाटल्या, आणि चिठ्ठी: थंड ठेवाव्यात.

चाचांनी बाटल्या उन्हाकडे धरून एकेक निरखली. ही पिवळी, ही तांबडी, ही काळी. जुना सोबती भेटल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. म्हणाले, "भाऊ, याचा फेस जपा. साहेब खूश तं तुमचं काम होऊन जाईन." झालं, माझ्या डोक्यात पक्कं बसलं. साहेबांची बिअर फेसाळली पाहिजे, साहेब खूश झाले पाहिजेत, मग झाडाचं बोलायचं.

बाटल्या नाल्यातल्या सावलीच्या ओल्या वाळूत पुरल्या. साहेब येणार त्या सकाळी चाचा कोंबडीत गुंतले, मी कागदांत. राखण कोण करणार? बाबा म्हणाले, मी बसतो. मी त्यांना बजावलं, "बाबा, ही साहेबांची खास दारू आहे. दूरदेशाहून आली आहे. मानाची आहे. नीट सांभाळा." किती वेळा बजावलं म्हणून सांगू. माझ्या जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं.

साहेब दुपारी आले. धुळीने माखलेले, कपाळावर आठ्या. हातपाय धुतले, व्हरांड्यात बसले आणि म्हणाले, "बाटल्या आणा." मी हाक मारली. बाबा टोपलीत सहाही बाटल्या घेऊन आले, छाती पुढे काढून. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकाही बाटलीला पत्र्याचं बूच नव्हतं. सहाच्या सहा उघड्या, तोंडात पळसाच्या पानांच्या गुंडाळ्या खोचलेल्या.

चाचांनी एक पेला भरला. फेस आला नाही. "मेली," ते एवढंच पुटपुटले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"ह्या कोणी उघडल्या?" साहेबांनी विचारलं.

"मी उघडलो जी. सकाळीच. कोयत्याच्या पाठीनं."

"का?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. कोणी इतकं साधं विचारतं का, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग समजावून सांगितलं, "तुहे बुढे इथी नाईत ना साहेब. त्यायले देल्ल्याबिगर तू पेला असता तं त्यायले वाईट लागलं असतं. या भाऊनं मनलं, मानाची दारू हाय. मले त्यायचे नावं मालूम नाईत. म्हून मनलो, या साहेबाचे जे कोनी असान ते या अन् घ्या. साऱ्या बाटल्यायतली देल्लो. कोनती आवडते का मालूम."

मला वाटलं, गेलं झाड. पोरीचं लग्न गेलं, माझी नोकरी गेली, आणि मी वडिलांकडे धान कापायला गेलो.

"माझे वडील," साहेब सावकाश म्हणाले, "चहासुद्धा पीत नसत. कोणाच्या तोंडाला वास आला तर उठून आंघोळ करत. आणि यांनी सकाळी सकाळी त्यांना तीन प्रकारची बिअर पाजली." त्यांचे खांदे हलायला लागले. कधी न हसणारा माणूस खुर्चीवर मागे-पुढे होऊन हसत होता. चाचा वळून बघायला लागले. मीही हसलो, जरा भीतभीतच. मग साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. "मी विलायतेत होतो तेव्हा ते गेले," ते म्हणाले. "तार मिळाली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही."

बाबांनी विचारलं, "नाव का होतं त्यायचं?" साहेबांनी सांगितलं. बाबांनी सकाळी झाडावरून उतरवलेला तुंबा आणला, द्रोण भरला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो कलता केला आणि दोन थेंब व्हरांड्याखालच्या मातीत सोडले. मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर जी बैठक जमली तशी पुन्हा आयुष्यात जमली नाही. उघडलेल्या बाटल्या ठेवून काय करणार, म्हणून साहेबांनी मलाही पेला दिला. फेस गेला होता, पण चव तर होती. पिवळी भुईनिंबाच्या काढ्यासारखी कडू. साहेब म्हणाले, हा कडवटपणा एका वेलीच्या फुलांचा, हॉप्स म्हणतात. तांबडीला काकवीचा वास. काळी तोंडात घेतली तर तव्यावर लागलेल्या भाकरीचा पापुद्रा आठवला, आणि तीच मला सगळ्यात आवडली. बाबांनी तिन्ही चाखल्या. पिवळीला तोंड वाकडं केलं, तांबडीला ठीक म्हणाले, काळीला म्हणाले, हे झाड जळून राह्यलं होतं वाटते. चाचा प्रत्येकाचं तोंड पाहून निकाल सांगत होते आणि एकदाही चुकले नाहीत. तोवर दुपारचा गोरगा बुडबुडे धरून मस्त फसफसायला लागला होता. साहेबांनी तो पेल्यात ओतून उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला. "विलायतेची मेली," ते म्हणाले, "ही जिवंत आहे. कोणत्या झाडाची?"

मी काही बोलायच्या आत बाबा उठून चालायला लागले. आम्ही मागोमाग. झाडाच्या बुडाशी माझी खुंटी उभी होती, लाल रंगाने नंबर घातलेली.

"हेच का ते?" साहेबांनी मला विचारलं. "नकाशात हे झाड का नाही?"

"साहेब, नकाशात झाडं दाखवत नाहीत."

"मग तुम्हाला इथे कशासाठी पाठवलंय?"

आजवर मला पुष्कळ जण पुष्कळ बोलले, पण इतकं अचूक कोणी बोललं नाही. रेघ मी ओढली होती, खुंटी मी ठोकली होती. त्याच दिवशी थांबून नकाशात एक टिंब काढलं असतं तर पत्र नको, पेटी नको, बाबांचा तो प्रश्नही नको. ते न करता मी महिनाभर त्याच झाडाचा रस पीत बसलो होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

"वळण किती पडेल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पंधरा हात, आणि एक मोरी, म्हणजे छोटा पूल, वाढेल. "वाढवा," ते म्हणाले, आणि वाकून खुंटी हलवून हलवून स्वतःच्या हाताने उपटली आणि माझ्या हातात दिली. बाबा कोयता काढून सरळ झाडावर चढले, दुसरा तुंबा आणायला.

चैतात लग्न झालं. मी आणि चाचा गेलो होतो. मी नको तितका प्यालो आणि चाचांनी मला बैलगाडीत घालून आणलं.

काही वर्षांमागे एटापल्लीच्या बसने त्या रस्त्यावरून गेलो. मोरी ओलांडली आणि बस कलली. ड्रायव्हरने शिवी घातली आणि कंडक्टर मला म्हणाला, "कोन्या येड्यानं हे वळण काढलं का मालूम जी. इथी ना टेकडी, ना घर." खरंच तिथे काही नव्हतं. गोरग्याचं झाड तुरे देऊन देऊन रिकामं होतं आणि वाळून जातं. पोरीला दोन लेकरं होईपर्यंत ते टिकलं आणि त्यानंतर बाबाही गेले, एवढं मला कळलं होतं. आता तिथे गवत होतं आणि त्या गवताला वळसा घालून बस निघाली होती.

मी खिडकीतून पाण्याची बाटली कलती केली.

"काऊन सांडून राह्यले जी पाणी?" कंडक्टरने विचारलं.

म्हटलं, "बाबा, उशीर झाला. पण देतो." त्याला वाटलं, मी त्यालाच बाबा म्हणालो. तो हसला आणि पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला गेला.