मिरवणुकीतलं इंग्रजी गाणं

थोरल्या भावाच्या लग्नात ती कॅसेट बँडवाल्यांना मीच नेऊन दिली होती. ऐंशीच्या दशकातला इंग्रजी अल्बम. गाणारा पुरुष आणि गाणी पुरुषावरच्याच प्रेमाची, कुठेही आडपडदा न ठेवता म्हटलेली. सोनगीरच्या आमच्या गल्लीत कुणाला काय कळणार होतं? बँडने एका गाण्याची चाल उचलली आणि अख्खी भावकी त्यावर धुळीत नाचली. मीही नाचलो. सगळ्यांना फसवल्याचा जरा माजही चढला होता.

आता पुतण्याचं लग्न ठरलं. वहिनी फोनवर म्हणाली, "भाऊजी, ते आपलं गाणं याच्याही मिरवणुकीत पाहिजे बरं." आता बँड नाही, डीजे आहे. नुसती चाल नाही, शब्दही वाजणार.

देवपूरच्या माझ्या घरी भर दुपारी दार लावून, कानात इअरफोन घालून सबंध अल्बम पुन्हा ऐकला. इतका आवडता, पण एकही गाणं सुखाने ऐकता येईना. नवरीच्या मैत्रिणी हे ऐकतील, मग माझ्याकडे बघतील. साठीला आलेला, बिनलग्नाचा, एकटा राहणारा काका. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, आणि या वेळी त्यांचं चुकणारही नाही. मग स्वतःचाच संताप आला. जगात तू एकटाच असा नाहीस, हे विशीत मला ज्या आवाजाने सांगितलं, त्याचीच मला लाज वाटत होती.

चार दिवसांनी गावी गेलो. पुतण्या मोबाइलवर तेच गाणं लावून ओसरीवर आला. "काका, याचे शब्द तुम्हाला माहितीयेत ना?"

तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेला मी म्हणालो, "छे! कधी लक्षच दिलं नाही. दुसरं घे एखादं."

तेवढ्यात भाऊ आतून आला. "दुसरं काबरं? तू मना लगीनमा याच गानावर नाचना व्हता. मंग तुले कधीच नाचतांना दखं नही मी. हाईच वाजाडा."

त्याला इंग्रजीचं अक्षर कळत नाही.

"हेच वाजव," मी पुतण्याला म्हणालो. "मघाशी खोटं बोललो. शब्दन्‌शब्द माहीत आहे मला."

"मंग सांग ना," भाऊ खाटेवर टेकत म्हणाला, "काय शे त्यामा?"

मी त्याच्या शेजारी बसलो आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागलो.