गाडीखालच्या नर्सबाई

नर्सबाईंच्या घरी गेलं की आधी त्यांचे पाय दिसत. कमरेपासून वरच्या बाई गाडीखाली असत. अंगणात त्यांनी दगडाचे दोन उंच ओटे बांधून घेतले होते. त्यांवर आपली जुनी पांढरी व्हॅन चढवायची आणि मधल्या जागेत गोणपाट टाकून आडवं व्हायचं. निवृत्तीनंतर नोकरीतल्या पांढऱ्या साड्या त्यांनी याच कामाला काढल्या होत्या, आणि त्या मुळात पांढऱ्या होत्या हे सांगावं लागे. समोरच राहणारी माझी आई म्हणायची, "घराला एक ओटा न्हाई आन गाडीला दोन." बाई खालूनच म्हणत, "घर कुठं चिखलातून जातंय?"

आमचं गाव किनवट तालुक्यात, जंगलाला लागून. सडकेला जायचं तर नाला ओलांडावा लागतो, आणि त्यावरचा पूल इतका बुटका की जरा पाऊस लागून राहिला की पाणी वरून जातं. बोलावलेली अँब्युलन्स पलीकडच्या काठाला उभी राहते. बाई मात्र पाणी घोट्याइतकं उतरलं की बाळंतीण नाहीतर साप चावलेला माणूस मागच्या सीटवर घेऊन निघत. किनवटला जमलं नाही तर हिमायतनगरवरून थेट नांदेड. गाडी स्वतःच चालवत, आणि मलाही त्यांनीच शिकवली, पण आधी गाडीखाली जायला लावून मग.

"पावसानं जंग लागत न्हाई पोरी," त्या म्हणत, "वाळंल म्हणून सोडून दिलेल्या चिखलानं लागतो." म्हणून कुठूनही आलं की आधी पाइप लावून गाडीचा तळ धुवायचा. चांगला वाळला की तारेच्या ब्रशनं जंग घासायचा आणि रेड ऑक्साईडच्या लाल रंगाचा हात मारायचा. पत्र्याला खालून पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती बाई अंबाड्यातला आकडा काढून मोकळी करत आणि तोच आकडा पदराला पुसून परत अंबाड्यात खोचत. दाराखालच्या पोकळ पत्र्यात तेल सोडायला त्यांनी दवाखान्यातली मोठी सिरिंज ठेवली होती. कुणी विचारलं तर म्हणत, "हिला इंजेक्शन देऊन राहिले."

मारोतीराव आमच्या शेजारचे. त्यांची सून नांदेडला नेताना हिमायतनगरच्या पुढं गाडीतच बाळंत झाली. दोघांना दवाखान्यात ठेवून बाई परतल्या, तेव्हा मारोतीराव हात जोडून अंगणात उभे होते, डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. बाई म्हणाल्या, "नातू झाला. दोघं बरी हायेत. जरा सरका, हिला धुवू द्या." मारोतीरावांनीच नळाला पाइप लावून दिला.

पुढं एका पावसाळ्यात बाईच ओट्यावरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, मग लेकीनं लातूरला नेलं. गाडी तशीच राहिली, खाली नाल्याचा गाळ थापलेला. गावाला वाटलं, बाईंनी आपल्यासाठी एवढं केलं, आता आपण काहीतरी करू. सडकेचं काम चालू होतं, तिथून मारोतीरावांनी डांबर मागून आणलं. चूल पेटवून ते तापवलं आणि सगळ्यांनी मिळून गाडीच्या तळाला बोटभर जाड थर दिला. धुतलं कुणी नाही. खालचा गाळ ओला, त्याच्यावर डांबर.

बाई काठी टेकत परत आल्या तेव्हा गाडीला हार घातला होता. मारोतीराव म्हणाले, "बाई, आता खाली बघायचंच काम न्हाई. पाण्याचा थेंब चढणार न्हाई." त्यांच्या हातावर भाजल्याचा डाग होता. बाईंनी वाकून बोटानं डांबर दाबलं. बोट पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "लई कष्ट घेतले तुम्ही."

मी तेव्हा नांदेडला राहायचे, रविवार म्हणून घरी आले होते. सगळे गेल्यावर बाईंनी मला खाली जायला सांगितलं. मी पाना घेऊन ठोकलं. पत्र्याचा खणखणीत आवाज यायचा तिथं नुसतं भद् वाजलं. भोकं सगळी बुजली होती. जे पाणी चढू द्यायचं नव्हतं, ते आतच कोंडलं होतं.

"खरवडून काढू," मी म्हणाले. "अजून उशीर झाला नाही. दोन-तीन रविवारांत होईल."

"आन मारोतीरावला काय सांगू?"

"खरं सांगायचं."

"त्याचा नातू ह्या गाडीत झाला. हात भाजून घेतला त्यानं. आता त्याच्या डोळ्यांसमोर मी खरवडायला बसू?"

मी भांडले त्यांच्याशी. उद्या कुणाला न्यायची वेळ आली आणि गाडी नसली तर मारोतीरावांचं मन सांभाळून काय उपयोग, असंही विचारलं. मला आजही ते बरोबर वाटतं. बाई म्हणाल्या, "चालंल तवर चालवू." पुढं हात पोचेल तेवढी भोकं त्या आकड्यानं उकरत राहिल्या. मोडलेला पाय लांब करून ओट्याशी बसलेल्या दिसायच्या. खाली जाणं आता जमत नव्हतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात एका पेशंटच्या आईचा पाय मागच्या जंगलेल्या पत्र्यातून खाली गेला. गाडी हळू होती म्हणून ती बचावली. बाईंनी त्या दिवसापासून गाडीत कुणाला बसवलं नाही. आरटीओच्या पासिंगची मुदत आलीच होती, त्या पत्र्याला पासिंग मिळणार नव्हतं. भंगारवाला गाडी ओढून नेत होता तेव्हा मारोतीराव म्हणाले, "वय झालं होतं तिचं." बाई म्हणाल्या, "हाव, वय झालं." मग त्या लातूरला लेकीकडे गेल्या. तिथं पार्किंगमध्ये कुणाचीही गाडी दिसली की वाकून खाली बघतात, असं लेक फोनवर हसत सांगायची. मला हसू यायचं नाही.

पुढं लातूरलाच बाई वारल्या. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला आमच्या गावची एक जीप भरून माणसं लातूरला आली. मारोतीराव बोलायला उभे राहिले. त्यांच्या धाकट्या सुनेचे आता दिवस भरत आलेत आणि नाल्यावरचा पूल आहे तसाच आहे, त्यामुळं बाईंचं नाव घेताना त्यांचा आवाज स्थिर राहिना. "आम्ही काय देणार होतो बाईंला," ते म्हणाले. "एक गाडीला डांबर तेवढं लावलं. त्यानंच ती दोन पावसाळे जास्तीची चालली." मग त्यांनी गर्दीत मला शोधलं. "तू तर खाली जाऊन बघितलं होतंस पोरी. खरं का न्हाई?"

 समोर फोटोतल्या बाई, अंबाड्यात आकडा खोचलेला. मारोतीरावांनी हात जोडले होते आणि तो डाग अजून तिथंच होता.

"हाव काका," मी म्हणाले. "त्यानंच चालली."